सूत जुळेना

सोलापुरात जन्मलेल्या माणसाला सुताचे दोन अर्थ शिकवावे लागत नाहीत. एक सूत मागावर ताणले जाते आणि दुसरे गॅरेजमध्ये मोजले जाते. हे दुसरे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण तीन मिलिमीटर. पहिल्या सुतावर माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे संसार चालवला. दुसऱ्या सुताने, तेही जेमतेम दोन नगांनी, माझा संसार चार महिने पायी चालवला.

प्रकरणाची सुरुवात डिसेंबरातल्या एका गार सकाळी झाली. माझी गाडी तेरा वर्षांची, टर्बो पेट्रोल इंजिनाची असून ती सध्या तिच्या तिसऱ्या मालकाकडे, म्हणजे माझ्याकडे, नांदत आहे. त्या दिवशी ती सुरू करताच बोनेटखालून ‘टक-टक-टक’ असा आवाज येऊ लागला आणि पाच-सात मिनिटांत इंजिन तापल्यावर तो आपोआप थांबला. दुसऱ्या दिवशीही तसेच घडले. पत्नीला तो शिवणयंत्राचा आवाज वाटला. वडिलांची उभी हयात यंत्रमागावर गेलेली असल्यामुळे त्यांनी मात्र चहाची बशी खाली ठेवून क्षणभर डोळे मिटले आणि निदान केले, “धोटा आहे. माग झकास चाललाय.” (धोटा म्हणजे मागावर आडवे सूत घेऊन इकडून तिकडे धावणारा भाग.) त्या दिवसापासून माझी कामावर निघण्याची वेळ झाली की त्यांची खुर्ची दारात येऊ लागली.

माझे मिस्त्री पूर्व भागातले आहेत. ते घरात तेलुगू बोलतात, गिऱ्हाइकाशी मराठी बोलतात आणि न सुटणाऱ्या नटाशी येथे लिहिता न येण्याजोग्या तिसऱ्याच भाषेत बोलतात. त्यांनी बोनेट उघडून टर्बोच्या वरच्या ओतीव लोखंडावर बॅटरीचा उजेड पाडला आणि केसाएवढी भेग दाखवली. चारही सिलिंडरांतून बाहेर पडणारा जळका वायू एकत्र करून टर्बोच्या तोंडाशी नेणारा जो एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, त्यालाच ती पडली होती. “मालक, लोखंड गार असलं की भेग उघडी राहते, तापून फुगलं की मिटते. आवाज थांबतो, रोग थांबत नाही,” असे ते म्हणाले. वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर पंखा फिरवून इंजिनात जादा हवा कोंबण्याच्या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने 1905 साली मिळवले होते. काटकसरीच्या या कल्पनेबद्दल मला आदर आहे, परंतु माझ्याकडे तो धूर पंख्यापर्यंत पोचण्याआधीच भेगेतून निसटत होता, म्हणजे काटकसरीतही गळती होती.

मूळ सुटा भाग मिळण्यास किमान दोन महिने लागतील असे कळले आणि त्याची किंमत ऐकून मी खुर्चीत नीट बसलो. हल्लीच्या अनेक लहान टर्बो पेट्रोल इंजिनांत मॅनिफोल्ड हेडमध्येच, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणातच, ओतलेला असतो, त्यामुळे त्या गाड्यांचे मालक बाहेरचा मॅनिफोल्ड मागवण्याच्या मोहापासून आपोआप सुरक्षित राहतात. माझे इंजिन जुन्या पिढीचे असल्याने मोहाला वाव होता. एका रात्री मी इंटरनेटवरून स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांचा मॅनिफोल्ड मागवला. जाहिरातीत लिहिले होते की तो ‘कोणताही बदल न करता थेट बसतो’. बँकेत कर्ज विभागात बसून कोणत्याही अंदाजपत्रकावर विश्वास ठेवू नये असे मी गेली बावीस वर्षे लोकांना सांगत आलो आहे, पण ते वाक्य मी तीन वेळा वाचले आणि तिन्ही वेळा मला ते पटले.

वस्तू आली तेव्हा तिचे रूप पाहून मी आठ दिवस ती दिवाणखान्यातच ठेवली. चार चकचकीत नळ्या वेगवेगळ्या वळणांनी येऊन एका तोंडात मिळत होत्या. पाहुण्यांनी तिला फुलदाणी म्हटले तरी मी दुरुस्ती केली नाही. मिस्त्रींनी ती हातात फिरवून पाहिली, “दोन दिवसाचं काम आहे की,” असे सांगितले आणि संक्रांतीला भरणाऱ्या गड्डा जत्रेच्या आत गाडी देण्याचे वचन दिले. कोणत्या वर्षीच्या गड्ड्याच्या आत, हे मी तेव्हाच विचारून घ्यायला हवे होते.

पहिले दोन दिवस जुना मॅनिफोल्ड काढण्यातच गेले. तेरा वर्षे तापून आणि निवून नट व स्टड, म्हणजे हेडमध्ये रुतलेले आट्यांचे खिळे, इतके एकजीव झाले होते की त्यांना वेगळे करणे हे घटस्फोटाच्या दाव्याइतके रेंगाळणारे काम झाले. रात्रभर गंजावरचे तेल मुरवावे, सकाळी गॅसच्या ज्योतीने नट लाल करावा आणि मग पाना लावून देवाचे नाव घ्यावे असा क्रम होता. नऊपैकी सात स्टड या उपायांनी सुटले. आठवा तुटला, पण त्याचे बोटभर टोक बाहेर राहिले होते, त्यावर दुसरा नट वेल्डिंगने चिकटवून तो फिरवून काढता आला. नववा हेडच्या पातळीच्या आत तुटला. तो बरोबर मध्यावर ड्रिलने कोरून त्याच भोकात नव्याने आटे पाडताना मिस्त्रींनी दोन तास श्वास घेतला असेल असे मला वाटत नाही. ड्रिल किंचित तिरके गेले असते तर अॅल्युमिनियमचे हेड गेले असते, आणि त्या हेडच्या किमतीत मूळ मॅनिफोल्ड दोनदा आला असता.

मग नव्या मॅनिफोल्डचे परीक्षण झाले. हेडला टेकणाऱ्या त्याच्या जाड पट्टीवर मिस्त्रींनी पोलादी मोजपट्टी उभी धरली तेव्हा खालून उजेड दिसला. फट मोजणाऱ्या फीलर गेजची 0.40 मिलिमीटरची पाती त्या फटीत आरामात शिरली. वेल्डिंगच्या उष्णतेने पट्टी केळ्यासारखी वाकली होती. “गॅस्केट दाबून घेईल ना?” असे मी, सांध्यात फट बुजवायला बसवतात त्या पातळ पत्र्याच्या भरवशावर, विचारले. त्यावर मिस्त्रींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने मी हप्ता थकवणाऱ्या कर्जदाराकडे पाहतो. मॅनिफोल्ड अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सरफेस ग्राइंडिंगला गेला आणि चार दिवसांनी सरळ होऊन परत आला. तोवर होम मैदानावर गड्डा भरून पाळणे फिरू लागले होते. आम्ही तेथे रिक्षाने गेलो.

खरे सूत यानंतर आडवे आले. मॅनिफोल्ड हेडवर बसला, त्याच्या तोंडाला टर्बो लागला, आणि चौथी नळी थेट स्टिअरिंगच्या दांड्यात घुसली. ही गाडी ज्या देशांत डाव्या हाताला स्टिअरिंग घेऊन विकली गेली, त्या देशांच्या मापाने कारागिराने नळ्या वळवल्या होत्या. त्याच्या दृष्टीने त्या जागी केवळ हवा होती. आमच्याकडे तेथे दांडा होता. जाहिरात खोटी नव्हती. मॅनिफोल्ड थेट बसत होता, मात्र बसल्यावर गाडी वळवता येत नव्हती. मिस्त्रींनी बोटाने अंतर मोजले आणि निर्णय दिला, “दोन सूत. कापावं लागतंय.”

नळी कापून, कोन बदलून पुन्हा जोडण्यासाठी आर्गन वायू वापरून वेल्डिंग करणारा कारागीर शोधला. स्टेनलेसची नळी जोडताना ती आतूनही आर्गनने भरावी लागते, नाहीतर आतल्या बाजूचा तापलेला धातू हवेतला प्राणवायू घेऊन साखरेच्या खड्यांसारखा खरबरीत होतो. पहिल्या कारागिराने ही काळजी घेतली नव्हती. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात साखरेची आणखी एक जागा निघाली, याचे एरवी मी कौतुक केले असते. परंतु त्यातला एखादा खडा सुटला तर तो मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या टर्बोच्या पात्यांवर जाऊन आदळणार होता. म्हणून सांधा पुन्हा कापला आणि दुसऱ्या कारागिराकडून जोडून घेतला. आता नळी दांड्यापासून दूर राहिली, पण नव्या वेल्डिंगने पट्टी पुन्हा वाकली होती. ग्राइंडिंगवाल्यांनी मला या खेपेस चहा पाजला.

या खोळंब्यात नळ्यांची तोंडे घासण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. गॅस्केट पट्टीवर ठेवून शाईने भोके आखायची आणि रेषेच्या आत आलेला धातू डाय ग्राइंडरने काढायचा, एवढेच ते काम आहे. मॅनिफोल्डचे भोक हेडच्या भोकापेक्षा किंचित मोठे असलेले चालते. लहान मात्र असता कामा नये, कारण मग बाहेर धावणाऱ्या वायूला समोर पायरी लागते. एवढे कळल्यावर शहाण्या माणसाने तासाभरात थांबावे. मी चार रविवार घासत राहिलो. माझ्या मते आतून आरशासारखी झिलई करणे ही शुद्ध चैन आहे, कारण पहिल्या शंभर किलोमीटरांतच तिच्यावर काजळी बसते. परंतु हे मत माझे चौथ्या रविवारच्या संध्याकाळी झाले. पत्नीने “अहो, आतून कोण बघणार आहे?” असे विचारले, तेव्हा वडिलांनी अनपेक्षितपणे माझी बाजू घेतली. “आपल्या चादरीला उलटी बाजू असते का?” असे ते म्हणाले. दोन्ही बाजूंनी नक्षी देणाऱ्या माणसापुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

नळ्यांना काचतंतूची उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्याचा माझा विचार मिस्त्रींनी हाणून पाडला. पूर्ण भाराखाली हा वायू 900 अंशांच्या आसपास तापतो, त्यात नळीला पांघरूण घातले तर तिची उष्णता तिच्यातच कोंडते आणि वेल्डिंगचे सांधे तडकतात. त्यापेक्षा थोडे अंतर राखून पत्र्याची ढाल लावणे बरे. स्टेनलेस स्टील ओतीव लोखंडाच्या साधारण दीडपट फुगते, म्हणून मधली भोके सोडून कडेची भोके त्यांनी किंचित मोठीही करून घेतली, म्हणजे पट्टीला पसरायला जागा राहील. नट मध्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळले गेले. त्यासाठी मी टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेला जोर लागला की ‘टक’ करणारा पाना, विकत आणला होता. मिस्त्रींनी आधी मनगटाने आवळून मग माझ्या समाधानासाठी तो लावला, आणि रेंचने प्रत्येक नटावर लगेच ‘टक’ करून मनगटाला दुजोरा दिला.

मार्चच्या मध्यावर गाडी रस्त्यावर आली आणि सात रस्त्याला सिग्नलवर उभी असताना तिने मागून निळा धूर सोडला. तो इतका दाट होता की शेजारच्या दुचाकीवरील गृहस्थांनी डासांची फवारणी कोणत्या वॉर्डात चालू आहे, अशी चौकशी केली. नळी हलवताना टर्बोही थोडा खाली आला होता, त्यामुळे त्यातले तेल परत इंजिनात नेणाऱ्या पाइपचा उतार मोडला होता. हे तेल केवळ उताराने वाहते. वाट तुंबली की ते टर्बोत साचते आणि सीलमधून धुराच्या वाटेला जाते. हा उतार किती कमी पडत होता, हे मिस्त्रींनी सांगण्यापूर्वी मीच सांगितले. दोन सूत होता.

पाइप नव्याने वळवून घेतल्यावर शेवटची परीक्षा साबणाच्या पाण्याची होती. सायलेन्सरच्या तोंडाला चिंधी कोंबून आत कॉम्प्रेसरची हवा सोडायची आणि सांध्यांवर साबणाचे पाणी शिंपडून बुडबुडे पाहायचे. त्या दिवशी आमच्याकडे नळाला पाणी येण्याचा वार नव्हता, म्हणून पत्नीने मोजून अर्धा तांब्या दिला आणि तांब्या परत आणण्याची अट घातली. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर आम्ही जसेच्या तसे ठेवले होते, कारण मला आवाज घालवायचा होता, वाढवायचा नव्हता. एकाही सांध्यावर बुडबुडा आला नाही.

गाडी रात्रभर घराच्या दारात निवत राहिली. एप्रिलातल्या त्या सकाळी सहा वाजताच हवेत धग होती आणि दुपारी पारा 42 अंशांवर जाणार हे दिसत होते. मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले, आणि आवाज असा काही आलाच नाही. मी बोनेटवर कान ठेवला, पत्नीनेही ठेवला, आणि मिस्त्रींना फोन लावून मी त्यांनाही ती शांतता ऐकवली. वडील सवयीप्रमाणे खुर्ची दारात आणून, डोळे मिटून बसले होते. चहा निवेपर्यंत त्यांनी वाट पाहिली. मग डोळे उघडून ते म्हणाले, “चार महिने खपून चालता माग बंद पाडलास की रे.”