छतावरच्या सौरसंचाची नोंदणी टाळण्याचा सल्ला नुकसानीचा का आहे

गृहनिर्माण संस्थांच्या आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वारंवार फिरताना दिसतो. त्याचा सारांश असा: सूर्य फुकट आहे, छत आपले आहे, पैसेही आपलेच आहेत, मग महापालिकेत आणि वीज कंपनीकडे नोंद कशासाठी करायची? नोंद केली की घरपट्टी वाढते, ग्रिडचे शुल्क मागे लागते आणि वीज गेली की कंपनी दुरूनच आपले सौर बंद करते. साधा मीटर असला तरी जादा वीज उलटी जाते आणि आकडे आपोआप कमी होतात, तेव्हा पॅनेल बसवा, इन्व्हर्टर जोडा आणि कोणालाही कळवू नका. हा सल्ला ऐकून संच बसवलेली कुटुंबे मी पाहिली आहेत आणि त्यांची बिलेही पाहिली आहेत. म्हणून या संदेशातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते. येथील सर्व विवेचन महाराष्ट्रातील घरगुती ग्राहकांपुरते आहे.

नोंद महापालिकेत करावी लागते, हे पहिलेच विधान चुकीच्या पत्त्यावर जाते. सौरसंच वीजजाळ्याला (ग्रिडला) जोडण्याचा अर्ज वीज वितरण परवानाधारकाकडे करायचा असतो. राज्याच्या बहुतेक भागात ही महावितरण कंपनी आहे. मुंबईत भागानुसार अदानी, टाटा पॉवर किंवा बेस्ट. यांपैकी बेस्ट हा बृहन्मुंबई महापालिकेचा उपक्रम असल्यामुळे शहर भागातील लोकांच्या मनात ‘पालिकेत नोंद’ ही कल्पना रुजली असावी. परंतु तेथेही अर्ज वितरण परवानाधारक या नात्याने बेस्टच्या वीज विभागाकडेच जातो. घरपट्टीबाबत तर वस्तुस्थिती बरोबर उलट आहे. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजलसंचय आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प चालू असलेल्या मिळकतीला सर्वसाधारण करात 5 टक्के आणि दोन किंवा अधिक प्रकल्प असलेल्या मिळकतीला 10 टक्के सवलत देते. लपवून बसवलेल्या संचाच्या आधारे ही सवलत मागायची कशी, याचे उत्तर संदेशात नाही.

साध्या मीटरचे आकडे आपोआप कमी होतात, या विधानाने लोकांचे प्रत्यक्ष पैशांचे नुकसान होते, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. या समजुतीला जुना आधार आहे. फिरती चकती असलेला जुना मीटर वीज उलट्या दिशेने गेली तर खरोखरच उलटा फिरत असे. या गुणधर्माचा फायदा घेऊन वीजचोरी होऊ लागली, आणि म्हणूनच इलेक्ट्रॉनिक मीटर आले तेव्हा त्यांपैकी पुष्कळ मीटरांची रचना अशी करण्यात आली की प्रवाह कोणत्याही दिशेने जावो, त्याची नोंद वापर म्हणूनच व्हावी. काही मीटर उलटा प्रवाह मोजतच नाहीत. आपल्या घरचा मीटर कोणत्या प्रकारचा आहे हे बाहेरून पाहून सहसा कळत नाही. बिल आल्यावर मात्र कळते.

उदाहरण म्हणून तीन किलोवॉटचा संच घेऊ. आपल्याकडे एका किलोवॉटमागे दिवसाला सरासरी चार युनिट निर्मिती धरली जाते; म्हणजे हा संच दिवसाला 12 आणि महिन्याला 360 युनिट देईल. घराचा वापर महिन्याला 300, म्हणजे दिवसाला 10 युनिट आहे, असे समजू. पती-पत्नी दोघेही नोकरीला जाणारे असतील, तर दिवसा फ्रिज, पंखे आणि पाण्याची मोटर एवढेच चालेल आणि दहापैकी चार युनिट सौरविजेतून थेट भागतील. उरलेले सहा युनिट संध्याकाळी आणि रात्री जाळ्यातून घ्यावे लागतील. दिवसा शिल्लक राहिलेले आठ युनिट बाहेर जातील. महिन्याचा हिशेब पाहिला तर जाळ्यातून घेतलेले 180 आणि जाळ्याला दिलेले 240 युनिट.

नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, असेल तर 240 मधून 180 वजा होऊन 60 युनिट पुढील महिन्यासाठी खात्यावर राहतात. वर्षअखेर जे युनिट समायोजनाविना उरतात ते राज्याच्या विद्युत नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने कंपनी विकत घेते. या महिन्याचे बिल जवळजवळ स्थिर आकाराइतकेच येते. नेट मीटर नसेल आणि जुना मीटर दोन्ही दिशांचा प्रवाह वापरातच मोजत असेल, तर 180 अधिक 240, म्हणजे 420 युनिटचे बिल येते. सौर बसवण्यापूर्वी हेच कुटुंब 300 युनिटचे बिल भरत होते. शिवाय महावितरणच्या घरगुती दरपत्रकात 301 ते 500 हा वेगळा, महागडा टप्पा असल्यामुळे जास्तीच्या 120 युनिटना अधिक दर लागतो. दीड-दोन लाख रुपये खर्च करून बिल वाढवून घेण्याचा हा प्रकार आहे. असे बिल घेऊन माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांना संच बसवणाऱ्याने ‘मीटर खराब आहे’ असे सांगितले होते. मीटर पूर्णपणे व्यवस्थित होता.

यावर एक तांत्रिक उपाय सुचवला जातो, तो म्हणजे बाहेर वीज जाऊच न देणारे शून्य निर्यातीचे उपकरण. ते योग्य रीतीने बसवल्यास 420 चे बिल टळते, हे खरे आहे. मात्र मग वरच्या उदाहरणातील 240 युनिट निर्माणच होत नाहीत आणि पॅनेलच्या क्षमतेचा दोन तृतीयांश भाग वाया जातो. जाळ्याशी जोडणी मात्र राहतेच, आणि म्हणून कळवण्याची जबाबदारीही संपत नाही.

आता शुल्कांविषयी. संदेशात ‘ग्रिड शुल्क’ हा एकच शब्द वापरून तीन वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. स्थिर आकार हा जोडणी असलेल्या प्रत्येक ग्राहकाला लागतो, सौर असो वा नसो. सिंगल फेज घरासाठी तो महिना सव्वाशे-दीडशे रुपयांच्या घरात आहे. वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत पोहोचवण्याचा आकार, हा बिलात आलेल्या युनिटांवर लागतो. नोंद न करणारा ग्राहक हे दोन्ही आकार भरतोच, आणि वहन आकार तर तो जास्त भरतो, कारण त्याच्या बिलात युनिटच जास्त असतात. तेव्हा नोंदणी टाळून या दोहोंतील एक रुपयाही वाचत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे ग्रिड सपोर्ट चार्जेस, म्हणजे सौरग्राहकाने जाळ्याचा आधार घेतल्याबद्दलचा आकार, आणि संदेशातील भीतीचे मूळ बहुधा येथेच आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने छतावरील सौरसंचांसाठी प्रथम 2015 मध्ये आणि नंतर डिसेंबर 2019 मध्ये विनियम केले. दुसऱ्या विनियमांत या आकाराची तरतूद आहे, ही गोष्ट मी लपवत नाही. परंतु 10 किलोवॉटपर्यंतच्या छोट्या ग्राहकांना त्यातून वगळण्यात आले, आणि राज्यातील छतावरील सौरक्षमता 5,000 मेगावॉटपर्यंत पोहोचेपर्यंत तो इतरांवरही आकारला जाणार नाही, अशी भूमिका आयोगाने 2020 च्या दर आदेशात घेतली. दोन-तीन किलोवॉटच्या घराला ‘नोंद केली की दुसऱ्या महिन्यापासून शुल्क’ असे घाबरवणे म्हणूनच निराधार आहे. ही सवलत कायमची आहे असा दावा मी करणार नाही. प्रत्येक बहुवार्षिक दर आदेशाच्या वेळी हा विषय पुन्हा येऊ शकतो आणि वितरण कंपन्यांना तो हवाही आहे. त्याला विरोध करण्याची जागा आयोगाची जाहीर सुनावणी ही आहे. 2019 च्या मसुद्यात नेट मीटरिंगची सोय 300 युनिटपर्यंतच्या घरगुती वापरापुरती मर्यादित करण्याचा विचार होता; ग्राहकांनी आणि सौर व्यावसायिकांनी हरकती नोंदवल्या आणि अंतिम विनियमांत ती मर्यादा राहिली नाही. ज्याचा संच कागदावर अस्तित्वातच नाही, त्याने अशा सुनावणीत सौरग्राहक म्हणून उभे कसे राहायचे?

वीज गेली की कंपनी दुरून सौर बंद करते, हे विधान वाचून मला खेद वाटला, कारण त्यातून लोक सुरक्षिततेची एक व्यवस्था शत्रुत्व समजून काढून टाकायला प्रवृत्त होतात. जाळ्याला जोडलेला इन्व्हर्टर जाळ्यातील व्होल्टेज आणि वारंवारता सतत तपासत असतो आणि वीज गेल्याचे लक्षात येताच स्वतःहून, दोन सेकंदांच्या आत, थांबतो. त्यासाठी कोणी बटण दाबत नाही. भारतीय मानक 16169 ही याच गुणधर्माची चाचणी आहे. खांबावर चढलेला जनमित्र (लाइनमन) वाहिनी बंद आहे असे समजून काम करत असतो. त्या वेळी एखाद्या घरातून वीज उलटी आली, तर ती 230 व्होल्टची राहीलच असे नाही. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करत असल्यामुळे त्याच्या दुसऱ्या बाजूला 11 हजार व्होल्ट उभे राहू शकतात. चांगल्या प्रतीचा इन्व्हर्टर नोंदणीविनाही थांबतो, हे मान्य. मात्र बाजारात येणारा प्रत्येक इन्व्हर्टर चांगल्या प्रतीचा नसतो आणि घराघरांत जनरेटर किंवा बॅटरीचा इन्व्हर्टर यांची जोडणी हाताने केलेली असते. ती अर्थिंगसह कोणीतरी जाणकाराने तपासणे आणि कोणत्या खांबावरून सौरघर जोडलेले आहे हे त्या भागातील कर्मचाऱ्यांना ठाऊक असणे, हे नोंदणीनेच घडते. वीज गेल्यावरही घर चालू राहावे अशी इच्छा असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा आणि त्याची माहिती अर्जात द्यावी.

शेजाऱ्यांचाही यात संबंध येतो. एका रोहित्रावर त्याच्या क्षमतेच्या किती प्रमाणात सौर जोडता येईल, याची मर्यादा 2015 च्या विनियमांत 40 टक्के होती आणि 2019 मध्ये ती 70 टक्के करण्यात आली. हा हिशेब नोंदलेल्या संचांवरून होतो. न नोंदलेले संच वाढले की दुपारी वाहिनीचे व्होल्टेज अनपेक्षितपणे चढते आणि ज्यांनी रीतसर अर्ज केला त्यांचे इन्व्हर्टर ऐन उन्हात बंद पडू लागतात. त्यांना कारण कळत नाही आणि कंपनीलाही ते नोंदींत सापडत नाही.

छत आपले असल्याने परवानगी लागत नाही, या युक्तिवादात एक अर्धसत्य आहे. जाळ्याशी कोणताही संबंध नसलेला, केवळ बॅटरीवर चालणारा संच कोणी बसवला तर त्याला नेट मीटरची गरज नाही. मात्र ज्यांना हा संदेश पाठवला जातो त्यांना रात्री, आणि जुलै-ऑगस्टच्या ढगाळ दिवसांत, जाळ्यातून वीज हवीच असते.

अनुदानाचा उल्लेख संदेशात कोठेही नाही, हे विशेष आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी 30 हजार रुपये आणि तीन किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचासाठी कमाल 78 हजार रुपये केंद्र सरकार देते. त्यासाठी राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज, नोंदणीकृत पुरवठादार, भारतात बनलेल्या सेलचे पॅनेल, नेट मीटर आणि वितरण कंपनीची तपासणी या अटी आहेत. गुपचूप बसवणाऱ्याला ही रक्कम मिळत नाही. हा सल्ला देणाऱ्या विक्रेत्यांपैकी काहींना अनुदानाला अपात्र असलेले स्वस्त पॅनेल खपवायचे असतात, असे माझे निरीक्षण आहे.

नोंदणीच्या दिरंगाईविषयीची तक्रार मात्र मी फेटाळत नाही. आमच्या स्वतःच्या घराचा संच छतावर तयार असताना मीटरसाठी सात आठवडे थांबावे लागले आणि प्रत्येक फेरीला नवा कागद मागितला गेला. तरीही हे सोसण्याची आज पूर्वीइतकी गरज उरलेली नाही. विद्युत ग्राहक हक्क नियमांतील फेब्रुवारी 2024 च्या दुरुस्तीनुसार 10 किलोवॉटपर्यंतचा अर्ज तांत्रिक व्यवहार्यता तपासणीविना मंजूर समजला जातो, लागेल तेवढी मंजूर भारातील वाढ कंपनीने करून द्यायची असते, 5 किलोवॉटपर्यंतच्या संचासाठी वितरण यंत्रणेत सुधारणा लागल्यास तिचा खर्च कंपनीचा असतो आणि संच कार्यान्वित करण्याची मुदत 30 दिवसांवरून 15 दिवसांवर आणली आहे. मुदत उलटल्यास अर्जाच्या पोचपावतीसह कंपनीच्या अंतर्गत तक्रार कक्षाकडे आणि तेथे निर्णय न मिळाल्यास ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे लेखी तक्रार करावी. तोंडी विचारणांची कोठेही नोंद राहत नाही.

ज्यांनी हा संदेश मानून आधीच संच जोडला आहे, त्यांनी प्रथम इन्व्हर्टरमधील निर्यात शून्यावर आणून घ्यावी किंवा संच तात्पुरता बंद ठेवावा, परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून जोडणी व अर्थिंग तपासून घ्यावे, इन्व्हर्टरची चाचणी प्रमाणपत्रे पुरवठादाराकडून लेखी मागावीत आणि नेट मीटरसाठी अर्ज करावा. बसवल्यानंतरच्या पहिल्या दोन बिलांतील युनिटांची तुलना मागील वर्षाच्या त्याच महिन्यांशी करावी. आकडा वाढलेला दिसल्यास जुना मीटर उलटा प्रवाहही वापरात मोजत आहे, असे समजून अर्जासोबत ती बिले जोडावीत. नवा मीटर लागल्यावर बिलावर आयात आणि निर्यात असे दोन स्वतंत्र रकाने येतात. पहिल्या महिन्यात ते दोन्ही आकडे मीटरच्या पडद्यावरील नोंदींशी स्वतः ताडून पाहावेत, कारण मीटर बदलल्यानंतरचे पहिले बिल बरेचदा सरासरीने काढलेले असते.