सूर्याची पावती कुठून आणणार?

‘तुमचं बरं आहे, तिकडे घरच्या लाइटबिलावरही टॅक्स वाचतो!’ बजेटचे दिवस आले की कॉलेजच्या ग्रुपवर हे ठरलेलं. यंदा एकाने पुढे जोडलं, ‘वर छतावर सोलर. म्हणजे बिल शून्य आणि सूटही.’ हे साफ चूक आहे आणि मला ते फार लागतं.

मी राहतो त्या ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नमध्ये घरून काम केलं तर तासाला 70 सेंट उत्पन्नातून वजा करता येतात. वीज, गॅस, इंटरनेट, मोबाइल, कागद-शाई सगळं त्यातच आलं. वर्षभराचे तास टिपून ठेवावे लागतात, अंदाजपंचे चालत नाही. आणि 30 टक्क्यांच्या स्लॅबमध्ये त्या 70 सेंटमागे कर वाचतो जेमतेम 21 सेंट.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष खर्चाचा : कॉम्प्युटर किती वॉटचा, किती तास चालला, युनिटचा दर काय. सोलरचं उत्तर इथेच आहे. दुपारी पॅनेलच्या विजेवर लॅपटॉप चालला, तर त्या विजेचे पैसे मी कुणाला दिले? कुणालाच नाही. मग वजावट कसली मागायची? जूनच्या ढगाळ आठवड्यात ग्रिडकडून जी वीज घेतली, तिच्या बिलातला कामापुरता वाटा तेवढा माझा. इथे शेजारीपाजारी हा हिशेब निमूटपणे करतात. आपल्याकडे नव्या करप्रणालीत पगारदाराला 75,000 रुपयांचं स्टँडर्ड डिडक्शन एकही पावती न दाखवता मिळतं, त्याचं मात्र कुणी नाव काढत नाही.

मी हे सगळं लिहिलं, तर उत्तर आलं : ‘तू आता तिकडचा.’

पासपोर्ट बदलला, हे खरं. पण नाशिकला बाबांच्या गच्चीवर सोलर बसवलं, तेव्हापासून महावितरणचं बिल मी माझ्या बिलाआधी उघडतो. त्यांनी दिवसा ग्रिडला दिलेलं युनिट रात्रीच्या युनिटातून सरळ वजा होतं. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, 2025-26 साठी ग्रिडला दिलेल्या युनिटचा किमान दर 0.04 सेंट ठरला, म्हणजे जवळपास फुकटच. या बाबतीत बाबांचं मीटर माझ्यापेक्षा न्यायाने चालतं आणि त्याचा मला अभिमान आहे. पावसाळ्यात त्यांचे पॅनेल थंडावतात तेव्हा येणारं बिल मी भरतो. त्या बिलाबद्दल, त्या कराबद्दल मी बोलणारच.