जर्सी घ्यायचीच असेल तर

तुम्ही न्यू जर्सीत नुकतेच आला असाल, तर आधी अभिनंदन. भाड्याचं घर मिळालं, गाडी आली, एडिसनच्या दुकानात भाजणी आणि आमसुलं दोन्ही मिळतात हा शोधही लागला. आता एकच अडचण उरते. सोमवारी सकाळी ऑफिसात कॉफीच्या मशीनपाशी सगळे मिळून कण्हत असतात आणि तुम्हाला त्यात सूर मिसळता येत नाही. त्यासाठी अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे हातानं खेळायच्या फुटबॉलचा, एक संघ धरावा लागतो. माझं ऐका, न्यूयॉर्क जेट्स धरा. नाव न्यूयॉर्कचं असलं तरी बिऱ्हाड आपल्याच राज्यात आहे: सराव फ्लोरॅम पार्कला, सामने ईस्ट रदरफोर्डला, तेही मैदान जायंट्स या दुसऱ्या संघाबरोबर निम्म्या वाट्यानं.

खेळ कळत नाही ही सबब चालणार नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं, एवढं कळलं की पुष्कळ झालं. जेट्सना तेवढंही फारसं लागत नाही. 12 ऑक्टोबर 2025 ला लंडनमध्ये डेनव्हरशी सामना होता. आपल्याकडं तो सकाळी साडेनऊला लागतो, म्हणून मी पोह्यांची ताटली घेऊन बसलो. आपला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, जस्टिन फील्ड्स. त्यानं चेंडू फेकून 45 यार्ड कमावले आणि नऊ वेळा जमिनीवर आपटून 55 यार्ड घालवले. बेरीज उणे दहा. दिवसभर मजुरीला गेलेला माणूस संध्याकाळी मुकादमालाच पैसे देऊन घरी यावा, तसं. आणि एवढं होऊनही सामना हरलो तो 13-11 असा, दोनच गुणांनी. त्यामुळं पोहे पार गार होईपर्यंत आशा काही सुटली नाही. या दुकानातला खरा माल ती आशाच आहे. ती कुठल्या मापाची घ्यावी, एवढंच सांगायला बसलोय.

पहिली खरेदी जर्सीची. मी माझी पहिली घेतली तेव्हा कराडजवळच्या आमच्या गावी आईला फोन करून कौतुकानं सांगितलं, "आई, जर्सी घेतली." आई म्हणाली, "बरं केलंस. दूध किती देती?"

तिचं काही चुकलं नाही. आमच्याकडं जर्सी म्हणजे गाय, दुसरा अर्थच नाही. अंगात घालायची आहे म्हटल्यावर तिनं किंमत विचारली. मी सांगितली. मग बराच वेळ फोनवर नुसती खरखर. पण तिचा प्रश्न माझ्या मानेवर बसला तो बसलाच. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात. मी पंधरा वर्षं भाकड गाईच्या खातोय. शेवटची धार काढली ती 2010 च्या हंगामात. जानेवारी 2011 मध्ये पेट्रियट्सना, म्हणजे आमच्या जुन्या वैऱ्यांना, त्यांच्या अंगणात 28-21 असं लोळवलं, पुढच्या आठवड्यात पिट्सबर्गला हरलो, आणि त्यानंतर प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, हा शब्द आम्ही फक्त दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला. लीगमध्ये एवढा लांब उपास आणखी कुणाचा चालू नाही. माझा मुलगा त्या मार्चमध्ये जन्मला. त्याला आता मिसरूड फुटलंय.

तर जर्सी घ्यायची, पण कुणाच्या नावाची? इथं भलेभले फसलेत. थांबा, कपाटच उघडतो.

ही 14 नंबरची, सॅम डार्नॉल्डची. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे कॉलेजची पोरं संघांत वाटून घेतात त्या निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला पोरगा. कारकिर्दीतला पहिलाच पास त्यानं डेट्रॉइटच्या माणसाच्या हातात दिला आणि त्या माणसानं तो थेट जेट्सच्या एंड झोनमध्ये, म्हणजे गुण मिळतात त्या टोकाच्या पट्ट्यात, नेऊन टेकवला. पुढच्या वर्षी पेट्रियट्सनी 33-0 धुतलं त्या रात्री हा बाकावर बसून म्हणाला, मला भुतं दिसतायत. कपड्याला माईक लावलेला होता, त्यामुळं भुतं सबंध देशानं ऐकली. आपण काय केलं, तर मांत्रिक न बोलावता झाडच विकून टाकलं. 2021 मध्ये तो कॅरोलायनाला गेला. मग फिरत फिरत मिनेसोटात पोचला, 2024 च्या हंगामात तिथं 14 सामने जिंकून दिले, आणि फेब्रुवारी 2026 मध्ये सिॲटलकडून खेळून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. हरवलं कुणाला? पेट्रियट्सना. त्या रात्री आमच्या बेसमेंटमध्ये हसावं की रडावं यावर एकमत झालं नाही.

याआधी जीनो स्मिथ होता. ऑगस्ट 2015 मध्ये 600 डॉलरच्या वादावरून त्याच्याच संघातल्या एका खेळाडूनं त्याचा जबडा फोडला. विरोधी संघाला हात लावायचीही गरज पडली नाही. तोही पुढं सिॲटलला जाऊन असा उभा राहिला की 2022 मध्ये त्याला पुनरागमनाचा मानाचा पुरस्कार मिळाला. आणि बिल बेलिचिकचं नाव या घरात काढू नये, पण काढतो. 4 जानेवारी 2000. जेट्सचा मुख्य प्रशिक्षक होऊन एक दिवस झालेला, तेवढ्यात कागदाच्या चिटोऱ्यावर राजीनामा लिहून गडी मोकळा झाला. मग पेट्रियट्सकडं जाऊन त्यानं सहा सुपर बोल जिंकले. यावरून माझा सल्ला असा: घरात कुणाच्या हुशारीला गंज चढला असेल, तर त्याला दोन-तीन वर्षं जेट्सकडं ठेवावं आणि मग सोडून द्यावं. चकाकून निघतो.

2 नंबरचीही एक आहे. ती टांगलेली राहू दे.

आता ही 8 नंबरची. हिला जरा जपून हात लावा. ॲरन रॉजर्स. ग्रीन बेचा देवमाणूस, चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, अंधाऱ्या खोलीत चार दिवस चिंतन करून जेट्सकडं यायचं त्यानं ठरवलं. (उजेडात ठरवलं असतं तर कदाचित आला नसता.) 11 सप्टेंबर 2023, सोमवार, रात्रीचा सामना, बफेलो बिल्स. आमच्या बेसमेंटमध्ये पाच कुटुंबं, दोन डबे सुरळीच्या वड्या, आणि मुलाच्या अंगात करकरीत नवी 8 नंबरची जर्सी. मापाला जरा ढगळ होती, म्हणून मी बजावलं होतं, "टॅग काढू नकोस, परत करता येईल." कॉलरमागं तो पुठ्ठ्याचा तुकडा लोंबत होता आणि पोरगं दर मिनिटाला मान खाजवत होतं. रॉजर्स अमेरिकेचा झेंडा घेऊन मैदानात धावत आला. आमच्यातल्या एका काकूंनी डोळे पुसले. पहिला डाव, दुसरा डाव, तिसरा. चौथ्याला तो खाली पडला, उठला, आणि परत जमिनीवर बसला. टाचेची शीर तुटली होती. सुरळीची वडी माझ्या तोंडापर्यंत गेली नव्हती.

बायकोनं मुलाच्या मानेकडं बघत हळूच म्हटलं, "टॅग आहे अजून."

इथं शहाणा माणूस गाडी काढून दुकानाकडं गेला असता. पण जेट्स त्या रात्री जिंकले. रॉजर्सशिवाय, जादा वेळेत, झेवियर गिप्सन नावाच्या नवख्या पोरानं पंट, म्हणजे विरोधकांनी लाथाडलेला चेंडू, पकडून 65 यार्ड पळत नेला, 22-16. आम्ही एकमेकांच्या अंगावर उड्या मारल्या, आणि त्या भरात मी स्वयंपाकघरातली कात्री आणून टॅग कचकन कापला. लक्षात ठेवा, हरलेल्या दिवशी जेट्स तुम्हाला फार बुडवत नाहीत. जिंकले की पाकीट सांभाळा.

पुढचं वर्ष थोडक्यात उरकतो. रॉजर्स बरा होऊन आला, पाच सामन्यांनंतर प्रशिक्षक रॉबर्ट सालेला काढलं, आठवड्याभरात रॉजर्सचा जुना दोस्त डव्हांटे ॲडम्स आणला, नोव्हेंबरात जनरल मॅनेजरला घरी पाठवलं, हंगाम संपला 5-12 वर, म्हणजे पाच विजय, बारा पराभव. लग्नात जेवण बिघडलं म्हणून पंगत चालू असताना आचारी बदलला, मग वाढपी बदलला, भांडी मात्र तीच.

2025 मध्ये नवा प्रशिक्षक ॲरन ग्लेन, नवा मॅनेजर डॅरन मूगी, आणि रॉजर्सला नारळ. तो पिट्सबर्गला गेला. वेळापत्रक बनवणाऱ्याला विनोदाची जाण असावी, कारण 7 सप्टेंबरचा पहिलाच सामना पिट्सबर्गशी, आपल्याच मैदानावर. रॉजर्सनं चार टचडाऊन फेकले, 34-32 असे आपण हरलो. आता यातला हिशेब नीट ऐका. लीगमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते, 2025 ला ती 27 कोटी 92 लाख डॉलर होती. खेळाडूला काढलं तरी त्याला आगाऊ दिलेले पैसे त्या मर्यादेत मोजावेच लागतात. इकडं त्याला डेड मनी म्हणतात, म्हणजे मेलेला पैसा. रॉजर्सचा हा मेलेला पैसा 4 कोटी 90 लाख, दोन वर्षांत विभागून. 2025 मध्ये 1 कोटी 40 लाख, बाकीचे 2026 च्या खाती. थोडक्यात, त्या दिवशी मैदानावर जो आपल्याला हरवत होता, त्याचं श्राद्ध आपल्याच वहीत चालू होतं.

हा धरून सात सामने ओळीनं हरले. पहिला विजय 26 ऑक्टोबरला सिनसिनाटीत, 39-38. सांगितलं ना, जिंकले की सावध व्हा. नऊ दिवसांनी, 4 नोव्हेंबरला, अदलाबदलीची मुदत संपायच्या दिवशी, मी मीटिंगमध्ये होतो. फोन थरथरला. मुलाचा मेसेज, शाळेतून: "बाबा, सॉस गेला." मला वाटलं डब्यातला सांडला. तर सॉस गार्डनर, 2022 मधला बचावफळीतला सर्वोत्तम नवा खेळाडू, ज्याच्याशी जुलैमध्येच 12 कोटींहून जास्तीचा करार केला होता, तो इंडियानापोलिसला दिला. मीटिंग संपायच्या आत दुसरा मेसेज: क्विनेन विल्यम्स डॅलसला. कपाटात 1 नंबरची आणि 95 नंबरची, दोन्ही जर्स्या एका दुपारी पोरक्या झाल्या. बदल्यात काय आलं? दोन खेळाडू, ड्राफ्टमधला एक दुसऱ्या फेरीचा हक्क, आणि पहिल्या फेरीचे तीन हक्क, पैकी दोन 2027 चे. म्हणजे जी माणसं आज कॉलेजात अभ्यासाला दांड्या मारतायत, ती.

हंगाम 3-14 वर संपला. पण त्यातही एक विक्रम केला, तो तुम्ही ऑफिसात छाती पुढं काढून सांगा. सतरा सामन्यांत जेट्सनी विरोधकांचा एकही पास अडवून पकडला नाही. एकसुद्धा नाही. लीगच्या इतिहासात हे कुणालाच जमलं नव्हतं. वाटेत उभा राहिलेल्या माणसाच्या हातात कधीतरी चुकून तरी चेंडू पडतोच हो. त्यासाठी कौशल्य नाही, नुसते हात लागतात.

जायंट्सचा कुणी चाहता हिणवायला आला तर एकच उत्तर: एकोणीसशे एकोणसत्तर. 12 जानेवारी 1969, सुपर बोलमध्ये बाल्टिमोर कोल्ट्सना 16-7 हरवलं. आपल्या क्वार्टरबॅकनं, जो नेमथनं, आधी छातीठोक सांगितलं होतं की आम्ही जिंकणार, आणि जिंकून दाखवलं. माणूस चंद्रावर उतरायला अजून सहा महिने होते. तिकडं तो परत परत जाऊन आला, आपण सुपर बोलला परत गेलो नाही. पण नेमथची 12 नंबरची जर्सी मात्र बिनधास्त घ्या. तो नंबर संघानं निवृत्त केलाय, त्यामुळं त्याला कुणी विकू शकत नाही. रॉजर्स आला तेव्हा नेमथ त्याला तो नंबर द्यायला तयार होता, रॉजर्सनंच घेतला नाही. आठ नंबर घेतला आणि माझं नुकसान केलं.

पैसे जास्त झाले असतील तर मैदानात खुर्चीचा परवाना असा एक प्रकार आहे. 2010 मध्ये नवं मैदान झालं तेव्हा आला. चांगल्या जागी बसायचं तर आधी परवान्याचे पैसे भरायचे, मग त्या परवान्यानं तुम्हाला तिकीट विकत घेण्याचा अधिकार मिळतो, मग तिकिटाचे पैसे वेगळे. जेवायला बसण्यापूर्वी भूक लागण्याचे पैसे भरावेत, तशी सोय. खाली गवत नकली आहे. खरं गवत घाला म्हणून खेळाडू वर्षानुवर्षं ओरडतायत. 2026 च्या विश्वचषकासाठी, म्हणजे पायानं खेळायच्या फुटबॉलसाठी, फिफानं अट घातली आणि त्याच मैदानावर खरं गवत घालायचं ठरलं. पाहुण्यांना गादी, घरच्यांना सतरंजी.

मधल्या काळात वेळ घालवायला ड्राफ्ट असतोच. फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला कॉलेजची पोरं गोळा करून त्यांची उंची, वजन, पळण्याचा वेग मोजतात. क्वार्टरबॅकची तर वीत मोजतात, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. गेल्या खेपेला आई इथं आली होती, तिला टीव्हीवर दाखवलं. तिनं कराडच्या बाजारात बैल घेताना माझ्या आज्याला पाहिलंय. बराच वेळ बघून म्हणाली, "दात बघत न्हाईत व्हय?" नंतर म्हणाली, "माणसं हायत रं ती," आणि आत निघून गेली. मी चॅनल बदललं.

परवा तिचा फोन आला होता. मुलगा शेजारी बसून त्याच 14 नंबरच्या हिरव्या जर्सीत डार्नॉल्डचे व्हिडिओ बघत होता. आईनं सगळ्यांची चौकशी केली आणि शेवटी विचारलं, "तुझी ती जर्सी काय म्हणती? औंदा तरी गाभण हाय का?"

म्हटलं, "हाय म्हणतात. 2027 ला व्यायची."

"आणि तवर वैरण कोण घालतंय?"

"आम्हीच."

"बरं," ती म्हणाली, "पोराला दे फोन."