‘लेखक महाशय शेवटचे बसमध्ये कधी चढले होते?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक करदाता’ यांस,

सप्रेम नमस्कार. पीएमपीएमएलवरच्या (पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बस चालवणाऱ्या कंपनीवरच्या) माझ्या नोंदीखालची आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. बससेवा कंपनीच्या हाती गेली आणि जाब विचारायला कुणी उरलं नाही, असं मी म्हटलं होतं. त्यावर आपलं म्हणणं असं की पीएमटी, म्हणजे पुणे महापालिकेची जुनी बससेवा, तीही तोट्यातच होती, दोन शहरांना एक सेवा मिळाली ती कंपनीमुळे, संचालक मंडळावर महापौर असतात आणि माहितीचा अधिकारही लागू आहे. इथवर ठीक होतं. पण शेवटी आपण लिहिता, ‘लेखक महाशय शेवटचे बसमध्ये कधी चढले होते? हे सगळं घरबसल्या केलेलं स्मरणरंजन.’

आपलं एक बरोबर आहे. पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडच्या पीसीएमटीचं विलीनीकरण मी 2006 मध्ये ढकललं होतं. ते 2007 चं. दुरुस्त केलं आहे. (2006 डोक्यात राहिलं ते त्या वर्षी सुरू झालेल्या बीआरटीमुळे, म्हणजे बससाठीच्या वेगळ्या मार्गिकेमुळे.)

आता ‘महाशय’. मी काल बसमध्ये चढलो होतो, परवाही. स्कूटर 2019 मध्ये विकली, त्यानंतर दुसरी घेतली नाही. दैनंदिन पास 40 चा 70 झाला तो मी पेपरात वाचला नाही, कंडक्टरसमोर खिसा चाचपताना कळला. आणि घरबसल्या म्हणाल तर माझं घरच पीएमटीवर चाललं. वडील स्वारगेट डेपोला 31 वर्षं कंडक्टर होते. रात्री जेवणाआधी वे-बिलाचा, म्हणजे दिवसभरात विकलेल्या तिकिटांच्या तक्त्याचा, हिशोब जुळवायचे, चार आणे कमी आले तर जेवण थांबायचं. वाड्यातली माणसं त्यांच्याकडे गाऱ्हाणी घेऊन यायची तेव्हा ते एकच सांगायचे, ‘मला काय सांगता, नगरसेवकाला धरा.’ आणि लोक धरायचे! सकाळची एक फेरी वाढवून हवी म्हणून वाड्यातल्या सात-आठ बायका थेट नगरसेवकाच्या ओट्यावर जाऊन बसल्या होत्या, माझी आई त्यांत होती. विषय महापालिकेच्या परिवहन समितीत गेला, फेरी मिळाली. त्या माणसाला पुन्हा मतं मागायला त्याच बोळात यायचं होतं. याला तुम्ही स्मरणरंजन म्हणता?

आज तोच नगरसेवक म्हणतो, ‘कंपनीचा विषय आहे.’ कंपनी बस भाड्यानं पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे बोट दाखवते. मार्च 2023 मध्ये थकलेल्या बिलांसाठी ठेकेदारांनी बस बंद ठेवल्या, आठवतं? की तेव्हा तुम्ही गाडीत होता? प्रवाशाचा ठेकेदाराशी करार नाही, ठेकेदाराचा महापालिकेशी नाही. संचलन तूट मात्र दोन्ही महापालिका 60 आणि 40 च्या प्रमाणात भरतात, म्हणजे ‘एक करदाता’, तुम्हीच भरता. पैसे तुमचे, बस ठेकेदाराची, पाटी कंपनीची. भांडायचं कुणाशी ते तुम्हीच सांगा.

संचालक मंडळावर महापौर असतात हे मला शिकवायची गरज नव्हती. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आले. जून 2025 मध्ये किमान तिकीट 5 चं 10 झालं, तेव्हा पुण्याला महापौरच नव्हते. तो दोष कंपनीचा नाही, असं म्हणाल. म्हणा.

माहितीच्या अधिकारात उत्तराला 30 दिवस लागतात. थांब्यावरच्या माणसाला सात पंचवीसची बस हवी असते.

पीएमटीच्या तोट्याबद्दल सवडीनं लिहीन. पीएमटी आदर्श होती असं मी कुठंच म्हटलेलं नाही, नोंद पुन्हा वाचा (या वेळी पूर्ण). दोन शहरांना एक सेवा हवी होती, मान्य. त्यासाठी कंपनीच का काढावी लागली, हे तुमच्या प्रतिक्रियेत मला सापडलं नाही. बाकीचे मुद्दे इतके किरकोळ आहेत की त्यांवर वाचकांचा वेळ घालवत नाही.

आणि पुढच्या वेळी खऱ्या नावानं लिहा. मीही जरा जपून बोलेन.

तूर्तास थांबतो. दहाला डेक्कनला पोचायचं आहे, आणि होय, बसनंच.