रंगाचं काम 'वरवरचं' नसतं

एअरोपेरू या पेरूच्या विमान कंपनीच्या ६०३ क्रमांकाच्या विमानाचा विषय निघाला की 'एका सफाई कामगाराच्या चुकीमुळे ७० माणसं गेली' हे वाक्य हमखास ऐकू येतं. विमान देखभालीवरच्या लेखांतही ते सापडतं. मला ते मान्य नाही. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, गेली, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

२ ऑक्टोबर १९९६. मध्यरात्र उलटून गेल्यावर बोईंग ७५७ लिमाहून सँटियागोला निघालं. त्याआधी विमान धुऊन पॉलिश केलं होतं. त्या वेळी पाणी आत जाऊ नये म्हणून स्टॅटिक पोर्टवर चिकटपट्टी लावली होती आणि काम संपल्यावर ती तशीच राहिली. स्टॅटिक पोर्ट म्हणजे विमानाच्या अंगावरची बारीक भोकं. बाहेरच्या हवेचा दाब तिथून कळतो, आणि उंची, वेग, चढण्या-उतरण्याचा दर हे सगळं त्या दाबावरून काढलं जातं. दिवाळीआधी घर रंगवताना आपण स्विचबोर्डावर कागद चिकटवतो. तो काढायचा राहिला तर फार तर बटण सापडत नाही. इथे खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ, आणि वैमानिकांपुढची यंत्रं एकाच वेळी 'वेग जास्त झाला' आणि 'वेग कमी पडतोय' असे दोन्ही इशारे देत होती.

वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला उंची विचारली. कक्षाच्या पडद्यावर दिसणारी उंची विमानाचाच ट्रान्सपॉन्डर (रडारला विमानाची माहिती कळवणारं यंत्र) पाठवत होता, म्हणजे तीही त्याच बंद भोकांतून आलेली. आकडा होता ९,७०० फूट. प्रत्यक्षात विमान पाण्याला टेकत होतं. 'जमीन जवळ आहे' असं ओरडून सांगणारी यंत्रणा मात्र खरं सांगत होती, कारण ती रेडिओ लहरींनी उंची मोजते, तिला हवेचा दाब लागत नाही. इतक्या खोट्या आकड्यांच्या गर्दीत त्या एका खऱ्या इशाऱ्यावर विश्वास ठेवणं किती अवघड गेलं असेल!

पुढे खटला होऊन त्या कामगाराला दोषी ठरवलं गेलं. पट्टी काढायची राहिली, हे खरंच आहे. पण ती पट्टी विमानाच्या चकचकीत पत्र्यावर उठून न दिसणारी होती. ठळक रंगाची, लोंबती फीत असलेली झाकणं त्याच्या हातात का नव्हती? त्याच्या कामावर नजर ठेवणारे, तपासून विमान सोडणारे आणि अंधारात विमानाभोवती फेरी मारणारे वैमानिक, यांपैकी कुणालाच ती दिसली नाही. एवढे डोळे चुकतात तेव्हा दोष कामाच्या पद्धतीत असतो. त्या कामगाराचा पगार सगळ्यांत कमी म्हणून शिक्षाही त्यालाच, हा मला न्याय वाटत नाही.

ठळक झाकणं दिली की प्रश्न सुटला, असंही नाही. जुलै २०१८ मध्ये ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचं ए३३० उडालं, ते पिटो ट्यूबवरच्या, म्हणजे वेग मोजायला समोरच्या हवेचा दाब घेणाऱ्या नळ्यांवरच्या, झाकणांसकट. फिती लोंबत होत्या, तरीही कुणी पाहिल्या नाहीत. सुदैवाने विमान सुखरूप परत उतरलं.

पण मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते ती पर्पिन्याँची घटना. फ्रान्सच्या दक्षिणेला असलेल्या या गावात एका एअरबस ए३२० ला एअर न्यूझीलंडचे रंग चढवले होते. जर्मन कंपनीकडे भाड्याने असलेलं ते विमान मूळ मालकाकडे परत जाणार होतं. रंग झाल्यावर अंगावर धूळ बसली, म्हणून २४ नोव्हेंबर २००८ ला ते पाण्याने धुतलं. सेन्सर न झाकता. विमानाचं नाक हवेशी किती कोन करतंय हे सांगणाऱ्या सेन्सरांत थोडंसं पाणी शिरलं. २७ तारखेच्या चाचणी उड्डाणात वर थंडीत ते गोठलं आणि तीनपैकी दोन सेन्सर एकाच कोनात अडकले. संगणकाने दोघांचं जुळतंय म्हणून त्यांनाच खरं मानलं आणि बरोबर असलेल्या तिसऱ्याला बाजूला काढलं. मग वैमानिकांनी कमी उंचीवर, वेग उतरवून, स्टॉलपासून (पंखांची उचल जाऊन विमान कोसळू लागण्यापासून) वाचवणारी यंत्रणा तपासायला घेतली. ती जागी झालीच नाही. विमानातले सातही जण गेले, त्यांत न्यूझीलंडचे पाच. इतक्या खाली ती चाचणी करणं चूकच होतं. पण सुरुवात झाली ती बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या धुण्यातून.

'कॉस्मेटिक काम', म्हणजे नुसतं दिसण्यासाठीचं काम, हा हँगरमधला आवडता शब्द आहे, आणि त्यालाच माझा विरोध आहे. रडर किंवा एलिव्हेटरवर (विमान वळवणाऱ्या आणि वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या हलत्या भागांवर) रंगाचे थर चढले की बिजागरीमागचं वजन बदलतं. तोल पुन्हा तपासला नाही तर तो भाग हवेत फडफडू लागण्याचा धोका असतो. नाकावरच्या रेडोमवर, म्हणजे रडार झाकणाऱ्या टोपीवर, रंग जाड झाला तर हवामानाचं रडार मंदावतं. पाणी निघून जायची भोकं रंगाने बुजतात. जुनं सीलंट (पत्र्यांचे सांधे बुजवणारा लेप) खरवडताना धारदार हत्यार वापरलं तर पत्र्यावर केसाएवढी रेघ उठते, वरून नवा रंग बसतो, आणि दाबाच्या चढउतारात वर्षानुवर्षं तीच रेघ तडा बनत जाते. बोईंग ७३७ च्या बाबतीत अशा रेघा शोधण्यासाठी अमेरिकेत खास तपासण्या सक्तीच्या कराव्या लागल्या.

हे आत्ता लिहायचं कारण आपल्याकडेही आहे. १२ नोव्हेंबर २०२४ ला व्हिस्टारा एअर इंडियात विलीन झाली. जुने रंग उतरवून नवे चढवण्याचं काम मोठं आहे. विमान जितके दिवस जमिनीवर, तितकं नुकसान, त्यामुळे रंगाच्या हँगरवर घाई कायम असते. घाईत कात्री लागते ती शेवटच्या तपासणीच्या तासांना.

माझं म्हणणं एवढंच आहे. लावलेलं प्रत्येक झाकण आणि प्रत्येक पट्टी क्रमांकासह टास्क कार्डावर, म्हणजे कामांच्या यादीच्या कागदावर, लिहा. काढताना मोजा. ज्याने काम केलं नाही अशा माणसाने उजेडात, शिडीवर चढून, प्रत्येक भोकावर हात ठेवून मगच सही करावी, जमिनीवरून टॉर्च मारून नाही. कार्डावर नसलेलं काम, मग ते नुसतं पाणी मारणं का असेना, परवानगीशिवाय होऊ नये. आणि रंग देणाऱ्या, धुणाऱ्या कंत्राटी पोरांना ते भोक कशासाठी आहे हे पहिल्याच दिवशी विमानाजवळ उभं करून, त्यांच्या भाषेत समजावून सांगा.