कच्चा कप्पा अनशापोटी? मावशी, नको

आषाढी जवळ आली आणि घरोघरच्या ग्रुपवर ‘जगातील विचित्र अन्न, पूर्वजांचं शहाणपण’ हा फॉरवर्ड फिरायला लागला. मावशीने तो पाठवून खाली विचारलंय, ‘चेंबूरला कप्पा मिळतो ना रे? येताना दोन किलो आण.’ म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मजकूर थोडक्यात असा. आफ्रिकेत कसावा, म्हणजे आपला साबुकंद, केरळी लोकांचा कप्पा, कच्चा किसून खातात, म्हणून तिथे मधुमेह नाही. तुम्हीही उपवासाला अनशापोटी वाटीभर कीस दह्यात कालवून खा. उकडू नका, सत्त्व पाण्यात जातं. चिनी लोक अंडी घोड्याच्या मुतात शंभर वर्षं मुरवतात. आइसलँडवाले शार्क कुजवून खातात, कारण शार्कला मूत्रपिंडच नसतं, आणि मासा कुजला की विष मरतं. जपान्यांच्या फुगू माशाचं विष शिजवलं की जातं. वजन उतरवणारं कोन्जाक म्हणजे आपलं सुरणच, ते वाळवून कच्चं पीठ पाण्यातून घ्या. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘पूर्वजांना प्रयोगशाळा लागली नव्हती.’

कप्प्याचं आधी बघू, कारण बाकी गप्पा आहेत आणि हा थेट पोटात जाणारा प्रकार आहे.

साबुकंदाच्या पेशीत लिनामारिन नावाचं द्रव्य असतं आणि त्याला फोडणारं विकर (एन्झाइम) त्याच पेशीत, पण वेगळं ठेवलेलं असतं. कंद अख्खा आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. किसणीवर घातला की पडते, आणि हायड्रोजन सायनाइड सुटायला लागतं. म्हणजे फॉरवर्डवाल्याने नेमकी तीच क्रिया सांगितली आहे ज्याने विष मोकळं होतं, आणि ते बाहेर जायच्या आत गिळायला लावलं आहे. उरलेलं काम पोटात होतं. चक्कर, डोकेदुखी, उलट्या, जोरजोरात श्वास, ही लक्षणं काही तासांत दिसतात. रिकाम्या पोटी आलेली चक्कर ‘उपवासामुळे असेल’ म्हणून घरात कोणी मनावरही घेणार नाही.

आफ्रिकेत किसतात, हे खरं. नायजेरियातली गारी, म्हणजे कसाव्याचा भाजलेला रवा, तशीच सुरू होते. पण किसल्यावर काय करतात ते फॉरवर्डमध्ये नाही. कीस गोणीत भरतात, वर वजन ठेवतात, दोन ते चार दिवस आंबू देतात. पाणी गळून जातं, त्याच्याबरोबर विष जातं. मग तो दाबलेला गोळा फोडून चाळतात आणि रुंद कढईत हलवत हलवत कोरडा होईतो भाजतात. हायड्रोजन सायनाइड साधारण २६ अंश सेल्सिअसलाच उकळतं, म्हणून वेळ, हवा आणि उष्णता मिळाली की ते उडून जातं. ॲमेझॉनमधले लोक हेच काम तिपिती नावाच्या लांब विणलेल्या नळीने करतात: कीस भरायचा, नळी टांगायची आणि खालून ओढायची, की रस पिळून बाहेर. दोन खंडांत लोकांनी एवढा खटाटोप केला तो हौस म्हणून नाही.

हा खटाटोप टाळला की काय होतं, हेही नोंदलेलं आहे. मोझांबिकच्या नाम्पुला प्रांतात १९८१ मध्ये दुष्काळ पडला, पिकांपैकी कडू कसावाच तगला, आणि भुकेपोटी लोकांनी भिजवण्या-वाळवण्याचे दिवस कमी केले. हजारावर माणसांचे, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं, दोन्ही पाय अचानक ताठरले. कोन्झो म्हणतात त्याला. काँगोतल्या याका भाषेतला शब्द, अर्थ ‘बांधलेले पाय’. पाय पुन्हा सुटत नाहीत. एका उपवासाने कोन्झो होतो असं मी म्हणत नाही. तो आठवडेच्या आठवडे विषारी पीठ आणि प्रथिनांची वानवा यांतून होतो. पण ‘आफ्रिकेत खातात, त्यांना काही होत नाही’ या वाक्याला दुसरं काय उत्तर द्यायचं? मधुमेह तर तिथेही आहेच.

आता कोणी म्हणेल, आपल्याकडे मिळतो तो गोड कप्पा. बरोबर, केरळातून येणारा बहुतेक गोड जातीचाच असतो. पण गोड म्हणजे बिनविषारी नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचं आणि जागतिक आरोग्य संघटनेचं मिळून कोडेक्स नावाचं अन्नमानक आहे. त्यात गोड कसाव्याची व्याख्याच अशी, की किलोमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी हायड्रोजन सायनाइड. आणि त्याच गोड कसाव्याच्या मानकात लिहिलंय: कच्चा खाऊ नये, सोलावा, मधली शीर काढावी, तुकडे करून धुवावा, पूर्ण शिजवावा, आणि शिजवलेलं किंवा धुतलेलं पाणी दुसऱ्या कशातही वापरू नये. खाण्याच्या कसावा पिठाला मर्यादा आणखी कडक, किलोमागे १० मिलिग्रॅम. यापुढे ग्रुपवर वाद घालायचा असेल तर या दोन आकड्यांशी घाला.

उकडल्याने सत्त्व जातं, हेही अर्धं खरं. क जीवनसत्त्व पाण्यात उतरतं. त्याच पाण्यात लिनामारिनही उतरतं, म्हणून तर ते ओतायचं.

मावशी, खायचाच असेल तर असा. कंद घेताना एक टोक मोडून बघ; आत पांढराशुभ्र हवा. निळ्या-काळ्या रेघा दिसल्या तर तो शिळा आहे, ठेव परत. वरची तपकिरी साल आणि तिच्या खालचा गुलाबीसर जाड पापुद्रा, दोन्ही काढायचे. गरापेक्षा सालीत विष जास्त असतं. मधली दोरीसारखी शीर ओढून टाकायची. सुपारीएवढे तुकडे, आणि तुकड्यांच्या चौपट-पाचपट पाणी उघड्या पातेल्यात. मऊ झाले की सगळं पाणी मोरीत. मग हळद, मीठ, खोबरं, काय ते. आपल्याकडे चूक होते ती कुकरमुळे: मोठे तुकडे, पेलाभर पाणी, दोन शिट्ट्या. उष्णतेने विकर निकामी होतं, म्हणजे लिनामारिन फुटत नाही, आणि पाणी थोडं असल्याने बाहेरही जात नाही. तुकडा मऊ लागतो, आतलं आत राहतं. जिभेला कडू लागला तर तो कंद टाकायचा, तिखट-मीठ वाढवून खपवायचा नाही.

साबुदाण्याची धास्ती मात्र नको. तोही याच कंदाचा, पण कंद वाटून, पाण्यात धुऊन, खाली बसलेला नुसता स्टार्च घेतात, आणि विष त्या पाण्याबरोबर आधीच गेलेलं असतं.

घोड्याचं मूत: थायी भाषेत या अंड्यांचं नावच ‘घोड्याच्या मुताची अंडी’ आहे, तिथून ही अफवा. वास अमोनियाचा असतो, एवढंच. प्रत्यक्षात चुना, राख, मीठ आणि चहा यांच्या लेपात काही आठवडे ते काही महिने. शंभर वर्षं नाहीत. या अंड्यांत ‘केमिकल असतं’ असाही आरोप होतो, तो थोडा मान्य करावा लागतो: काम लवकर व्हावं म्हणून काही जण त्यात शिशाचं ऑक्साइड घालत, ते वाईटच.

शार्कला मूत्रपिंड असतं. त्याच्या मांसात युरिया असतो तो समुद्राच्या खारेपणाशी तोल राखायला. म्हणूनच आपल्याकडे मोरी, म्हणजे छोटा शार्क, ताजी फडफडीत घ्यायची आणि चिंचेच्या पाण्यात धुवायची. शिळी झाली की युरियाचा अमोनिया होतो आणि कालवण कोणी तोंडात घालत नाही. आइसलँडचा हाकार्ल ग्रीनलँड शार्कचा. त्याचं ताजं मांसच विषारी असतं, म्हणून त्याला रेती-खडीत पुरून वर दगडांचं वजन ठेवतात, सहा ते बारा आठवडे रस पिळून निघू देतात, मग पट्ट्या कापून महिनोन्‌महिने वाऱ्यावर टांगतात. हे त्या एका माशाचं, त्या थंडीतलं गणित आहे. ‘कुजला की विष मरतं’ म्हणून कोणी इथे ओट्यावर दुपारभर पडलेला बांगडा शिजवला, तर त्यात तयार झालेलं हिस्टामिन शिजवूनही जात नाही. तोंड लाल, अंगावर गांध्या, उलट्या.

फुगूबद्दल एका वाक्यात: त्याचं विष, टेट्रोडोटॉक्सिन, शिजवल्याने जात नाही. काबुकी या जपानी नाट्यप्रकारातला नामवंत नट, बांदो मित्सुगोरो हे नाव लावणारा आठवा, १९७५ मध्ये क्योतोत फुगूचं यकृत खाऊन गेला, आणि ते उपाहारगृहातच खाल्लं होतं.

राहिलं सुरण. कोन्जाक आणि सुरण एकाच कुळातले भाऊ, एवढं बरोबर. पण कोन्जाकही कच्चं खात नाहीत. त्याच्या पिठात चुन्याची निवळी घालून घट्ट वडी करतात आणि ती उकळतात. कच्च्या कंदात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. वाळवून पीठ केलं तरी सुया सुयाच राहतात, घशात टोचतात. ज्याने हे लिहिलं त्याने जन्मात सुरण चिरलेलं नाही. चिरलं असतं तर हाताला तेल लावलं असतं आणि हे पीठ कोणाला सुचवलं नसतं.

याच कुळातली तिसरी भावंडं सध्या दादरच्या बाजारात पालघरकडच्या बायका घेऊन बसतात: शेवळं, ही रानभाजी. जुडीशेजारी काकड नावाच्या हिरव्या आंबट फळांचा वाटा ठेवलेला असतो, तो शोभेला नाही. शेवळाचं वरचं पान सोलायचं, दांड्याचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. आठ-दहा काकडं ठेचून, पाण्यात कुस्करून, गाळलेला रस त्यात घालायचा आणि शिजवायचं. काकडं संपली असतील तर चिंचेचा घट्ट कोळ. पिवळा भाग राहिला किंवा आंबट कमी पडलं, तर पहिल्या घासालाच घसा सांगतो. प्रयोगशाळा नव्हती म्हणे. ती बाई जुडीबरोबर काकडं घेतल्याशिवाय सोडत नाही ते उगाच?

मावशी, कप्पा आणतो. पातेलं मोठं काढून ठेव.