तुमच्या गल्ल्यातलं ‘चुकलेलं’ नाणं टांकसाळीत चुकलेलं असेलच असं नाही

गोव्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. मजकूर साधारण असा: ‘विचित्र दिसणारं नाणं म्हणजे टांकसाळीची चूक. एका बाजूला खोलगट उलटं चित्र, कापलेली कडा, मधला भाग नसलेलं दहाचं नाणं, फिरवल्यावर मागचं चित्र उलटं दिसणं, चुंबकाला चिकटणं, तांबूस रंग, यांपैकी काहीही दिसलं तर त्या नाण्याचे लाखो रुपये मिळतात.’ हे वाचून लोक गल्ले फोडतात, आणि काही जण असली नाणी पदरचे पैसे मोडून विकत घेतात. मला राग येतो तो या दुसऱ्या गोष्टीचा.

नाणं कसं तयार होतं ते आधी पाहू. धातूच्या पट्टीतून गोल चकती कापतात, तिची कडा दाबून उचलतात, मग कॉलर नावाच्या कड्यात ती बसवून वरखाली दोन ठशांमध्ये प्रचंड दाबाने छापतात. खरी चूक यांपैकी कुठल्यातरी टप्प्यावर घडते आणि त्या टप्प्याची खूण नाण्यावर राहते. टांकसाळीबाहेर जे घडतं ते आधीच छापून झालेल्या चित्रावर घडतं. सगळी पारख या एका फरकावर उभी आहे.

आता खोलगट उलट्या चित्राचं नाणं. संग्राहक त्याला ‘लखी’ म्हणतात. छापलेलं नाणं बाहेर न पडता एका ठशाला चिकटून राहतं, आणि पुढची चकती खऱ्या ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्यावर दाबली जाते. त्यामुळे अस्सल लखीच्या दोन्ही बाजूंना एकच चित्र असतं: एकीकडे नेहमीसारखं उठावदार, दुसरीकडे तेच आरशातल्यासारखं उलटं आणि खोल. सिंह उठावदार असतील तर मागे सिंहच खोल दिसायला हवेत. एका बाजूला सिंह आणि दुसरीकडे खोलगट ‘2’ असेल, तर दोन नाणी वर्कशॉपच्या वाइसमध्ये, म्हणजे स्क्रूने आवळायच्या लोखंडी पकडीत, एकमेकांवर आवळली गेली असण्याचीच शक्यता जास्त. अशा दाबकामाच्या आणखी दोन खुणा आहेत. खोलगट चित्राच्या आजूबाजूला मूळ चित्राचे अवशेष दिसतात, आणि पलीकडची उठावदार बाजू चेपलेली असते. भिंगातून सिंहांचे चेहरे बघा. ते सपाट झाले असतील तर ते नाणं बाजूला ठेवा.

कापलेली कडा. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर चकती कापणारा पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि चकतीला अर्धचंद्रासारखी खाच पडते. ही खाच छपाईच्या आधीची. म्हणून छापताना धातू मोकळ्या जागेकडे सरकतो आणि खाचेजवळची अक्षरं ताणल्यासारखी, विरत गेलेली दिसतात. खाचेच्या बरोबर समोरची कडाही बहुधा अशक्त असते, कारण कडा उचलताना तिथे पुरेसा दाब मिळालेला नसतो. कानशीने घासलेल्या नाण्यावर अक्षर मध्येच तोडल्यासारखं थांबतं आणि समोरची कडा धडधाकट असते.

प्रत्येक विचित्र नाणं कोणी मुद्दाम बिघडवलेलं असतं असंही नाही. कोकण रेल्वेच्या रुळांवर पोरं नाणी ठेवतात. हॉटेलच्या लाँड्रीत ड्रायरच्या फटीत अडकलेलं नाणं आपटून आपटून लहान होतं आणि त्याची कडा जाड होऊन आत वळते. किनाऱ्यावर सापडलेलं नाणं मिठाने खाल्लेलं आणि वाळूने झिजलेलं असतं. यांत कोणाची लबाडी नाही, पण टांकसाळीचाही संबंध नाही.

दहाच्या नाण्यात बाहेरचं कडं आणि मधला गाभा एकाच वेळी, एकाच ठशाखाली छापले जाऊन एकमेकांत घट्ट बसतात. गाभा नंतर ठोकून काढलेला असेल तर कड्याची आतली कडा स्वच्छ राहते आणि तिथे गाभा बसल्याची खूण दिसते. गाभ्याशिवायच छापलं गेलेलं कडं असं दिसणार नाही, त्याचा धातू भोकाच्या दिशेने पसरलेला असेल. आणि कड्यावरची अक्षरं सरळ, पण गाभ्याचं चित्र तिरपं असेल, तर कोणीतरी गाभा काढून परत बसवलाय. ठसा फिरलेला असता तर कडं आणि गाभा दोन्ही सारखेच फिरले असते.

फिरवल्यावर उलटं दिसणाऱ्या नाण्याबद्दल आपण गोवेकरांनी विशेष सावध राहायला हवं. भारतीय नाणं पुस्तकाच्या पानासारखं उलटलं की दोन्ही बाजू सरळच दिसतात, त्यामुळे ठसा सैल होऊन फिरला तर ती खरी चूक असते. पण घराघरांतल्या पेटाऱ्यांत पोर्तुगीज काळातली नाणी आहेत. 1958-59 ची सेंताव आणि एस्कुद यांची नाणी पाहा: मागची बाजू उलटीच. तीच त्यांची पद्धत होती. ‘दुर्मिळ चूक’ म्हणून ती कोणी विकत असेल, तर तो रोजच्या वापरातलं नाणं विकतोय. त्याही आधीच्या, हाताने ठोकलेल्या गोव्याच्या नाण्यांवर चित्र एका बाजूला सरकलेलं असणं हेही नेहमीचंच.

चुंबकाचा मुद्दा तर लगेच निकालात निघतो. 1992 पासूनचं जाड पाच रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं, ते चिकटत नाही. 2007 च्या सुमाराचं स्टीलचं, ते चिकटतं. दोन्ही बरोबर आहेत. तांबूस रुपयावर बहुतेक वेळा नंतर कोणीतरी चढवलेला मुलामा असतो.

राहिले लाखो रुपये. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपलं नाव आणि बोधचिन्ह वापरून फी, कमिशन किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच दिला आहे. अशा व्यवहारांत आपण पडत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही, हेही बँकेने स्पष्ट केलं आहे. तुमच्या नाण्यासाठी गिऱ्हाईक तयार आहे, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरा, असं सांगणारा फोन आला तर एक रुपयाही पाठवू नका.